त्या सालची बक्षिसं

"तुम्ही यांच्या कोण?" सिस्टरनं विचारलं. समोर बसलेल्या तिनं मांडीवरची अप्पांची पिशवी सरळ केली आणि विचारही न करता "सून" असं सांगितलं. शेजारी डोळ्यात थेंब घालून, पापण्या मिटून बसलेले अप्पा तेवढ्यात म्हणाले, "सून नाही. होती." आवाज नेहमीचाच होता. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाचा आवाज, चूक दिसली की ती दुरुस्त करून पुढच्या ओळीवर जाणारा. त्यात राग नव्हता, खंत नव्हती. सिस्टरनं पहिल्यांदाच मान वर केली. "मग आता काय लिहू?" अप्पा म्हणाले, "परिचित लिहा. दोन्ही वेलांट्या पहिल्या." सिस्टरला हसू आलं. तीही हसली, कारण तिघांपैकी दोघं तरी हसली की तिसऱ्याचं काही चुकलेलं नाही असं ठरतं. मग एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला, त्यानं अप्पांना तिच्यात बसवलं, त्यांचा चष्मा तिच्या हातात दिला आणि ऑपरेशन थिएटरचा दुहेरी दरवाजा आतल्या बाजूला उघडून पुन्हा जागेवर आला. दरवाजाच्या काचेतून खुर्चीची पाठ आणि अप्पांच्या टाळूवरचा विरळ पांढरा भोवरा थोडा वेळ दिसला. मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया. दुपारच्या आत घरी सोडतो म्हणाले होते.

ती भिंतीला लावलेल्या बाकावर बसली. समोर पाणी पिण्याचं यंत्र होतं, आणि एक लठ्ठ बाई कागदी पेला पुन्हा पुन्हा भरून पीत होती, जणू पाणी पिणं हेच तिला इथे नेमून दिलेलं काम होतं. परिचित. बरोबरच तर होतं. उलट 'सून' म्हणणंच चुकीचं होतं. कायद्यानं तो शब्द तिच्याकडून केव्हाच काढून घेतला होता. तरी आत कुठेतरी काहीतरी टोचत होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. लॅबमध्ये कधी कधी कवळी परत यायची, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी: टोचते. कुठे टोचते ते पेशंटला कधीच नीट सांगता येत नाही. सगळीकडेच टोचतं असं त्याला वाटत असतं. मग आतून पांढऱ्या मलमाचा पातळ हात द्यायचा, दाबून बसवायची, काढायची, आणि जिथलं मलम पुसलं गेलंय तो ठिपका शोधायचा. ठिपका बहुतेक वेळा इतका लहान असतो की एवढ्यानं माणूस जेवायचा कसा थांबला, असं वाटावं. ती आता मनातल्या मनात तेच करत होती. 'सून नाही' यानं टोचलं होतं का? नाही. 'होती'नं? तेही नाही. अप्पांनी ते तिच्याकडे न वळता, सिस्टरला सांगितलं होतं, यानं? तिथे थोडंसं दुखलं. पण डोळे मिटलेला माणूस कुणाकडे वळणार.

घटस्फोटाचा निकाल लागल्यापासून अप्पांनी तिला कशानंच हाक मारली नव्हती, हे तिच्या आता लक्षात आलं. पूर्वी ते खोट्या अदबीनं "सूनबाई, आपलं मत?" असं म्हणायचे. हल्ली वाक्य थेट 'अगं'पासून सुरू व्हायचं, किंवा कशापासूनच नाही. ती रविवारी जायची, ते दार उघडायचे, म्हणायचे, "आलीस? पडदे लाव."

पडदे लावायचे ते हॉलिवूडसाठी. हा खेळ तिच्या आधीचा, अप्पांचा आणि सासूबाईंचा. लग्नानंतर दोघांनाही परवडेल अशी करमणूक म्हणजे सकाळच्या खेळाला लागणारे जुने इंग्रजी चित्रपट. तिकडच्या मंडळींनी दरवर्षी दिलेली बक्षिसं दोघांनाही साफ नामंजूर होती. सासूबाईंचं म्हणणं, असे निकाल लावणारी माणसं चित्रपट बघायला नाही, एकमेकांकडे बघायला जातात. तेव्हा दोघांनी आपली बक्षिसं सुरू केली. एक साल घ्यायचं, त्या सालचे मिळतील तेवढे चित्रपट बघायचे, पुढे थिएटर बंद पडल्यावर घरी आणून बघायचे, आणि सगळे बघून झाले की एक दुपार बसून निकाल लावायचा. चित्रपट, दिग्दर्शक, मुख्य अभिनेता, मुख्य अभिनेत्री, सहायक दोघं, छायाचित्रण, संवाद. नियम एकच: एकमत झाल्याशिवाय बक्षीस नाही. आणि लिहून ठेवायचं नाही. ज्याला दिलं ते लक्षात राहिलं नाही तर दिलंच नव्हतं समजायचं, हेही सासूबाईंचंच. त्यांच्या निकालाची एकच दुपार तिला बघायला मिळाली. ती नव्यानं घरात आलेली, दारात कपांचा ट्रे घेऊन उभी. आणि आत सासूबाई पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसलेल्या, कुणा मेलेल्या कॅमेरामनवरून नवऱ्याशी कडाकडा भांडत होत्या. सख्खा भाऊ असावा तसा त्याचा कैवार घेत होत्या. त्यानंतर फार दिवस नव्हतेच त्यांच्याजवळ.

त्या गेल्यानंतरच्या एका रविवारी अप्पा एकटेच चित्रपट लावून बसले होते. ती आधी जमिनीवर बसली. मग मान अवघडली म्हणून रिकाम्या खुर्चीत. त्या खुर्चीत बसलं म्हणून कुणी काही बोललं नाही. चित्रपट संपल्यावर अप्पांनी समोरच बघत विचारलं, "तुझं मत?" तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती म्हणाली, "सासूबाईंना कोण आवडली असती?" अप्पांनी सांगितलं. "मग माझंही तेच," ती म्हणाली. पुढे तिला कळायला लागलं, डोळा तयार झाला, सावली कुठून पडते आणि कट कुठे बसतो ते दिसायला लागलं, पण निकालाच्या दुपारी ती हळूच अप्पांचा कल बघायची आणि तिकडे झुकायची. एकमत लवकर व्हायचं. अप्पांना बरं वाटायचं. तिला वाटायचं, हे आपल्याला जमतं.

नवऱ्याला काळ्या-पांढऱ्याचा कंटाळा होता. तो दारात उभा राहून सफरचंद खायचा, पडद्यावर नजर टाकायचा आणि विचारायचा, "यातलं कुणी जिवंत आहे का अजून?" विनोद बरा होता, पहिल्या वेळी अप्पाही हसले होते. तो वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या गावी मोठी नोकरी मिळाली, आधी तो एकटा गेला, मग फोन आखूड होत गेले, आणि एकदा येऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यानं सांगितलं की तिकडे कुणीतरी आहे. ती भांडी पुसत होती. हातातली बशी नीट पुसून झाल्यावर ती "बरं" म्हणाली. त्यानंतरचं सगळं असंच बिनआवाजाचं झालं. वकील म्हणाले, इतक्या समजूतदार बाई मी पाहिल्या नाहीत. तिची स्वतःची आई म्हणाली, समजूतदार आहेस म्हणून निभावलंस. नवरा तर निघताना म्हणालाच, तू समजूतदार आहेस. तिनं घड्याळाच्या दुकानावरची एक खोली घेतली, कपडे आणि दोन कुंड्या नेल्या. अप्पा दारापर्यंत आले होते. म्हणाले होते, "रविवारी तो कोर्टाचा सिनेमा लावायचा राहिलाय." एवढ्याच शब्दांवर तिचं वर्ष निघालं.

आणि आता तेही संपत आलं होतं. कारण एकच साल उरलं होतं. युद्ध पेटलं ते साल, हॉलिवूडमध्ये जे हातात घेतलं ते सोनं झालं असं जाणकार म्हणतात ते. सासूबाईंनी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, "ते शेवटी, सावकाशीनं" म्हणून. तिनं आणि अप्पांनी ते सावकाशीनंच घेतलं. दीपगृहाचा, बहिऱ्या न्यायाधीशाचा, खाणीचा, हॉटेलातल्या खोल्यांच्या घोटाळ्याचा, टायपिस्टचा. नावं अवघड म्हणून घरात सगळ्यांना अशीच नावं पडली होती. गेल्या रविवारी शेवटचा संपला. आता नुसता निकाल. निकाल लागला की परिचित बाईनं परिचित गृहस्थांच्या घरी कशासाठी जायचं?

पिशवीत अप्पांचा फोन वाजला. पडद्यावर त्यांच्या मुलाचं नाव, म्हणजे तिच्या एकेकाळच्या नवऱ्याचं. तिनं तो उचलला, कारण आत डोळा उघडा पडलेल्या माणसाच्या मुलाला वाट बघायला लावणं बरं नाही.

"अप्पा, झालं का?"

"मी बोलतेय. आत नेलंय. सगळं ठीक आहे."

"तू आहेस होय बरोबर. बरं झालं." मग घाईनं, "थँक्स हं. मला रजाच मिळेना. पण आता एवढंच. महिनाअखेरीला मी त्यांना न्यायलाच येतोय. मग तुला त्रास नाही."

"न्यायला?"

"कायमचं. कधीपासून मागे लागलो होतो. आज सकाळी हो म्हणाले एकदाचे. तुला बोलले नाहीत?"

"आज घाई होती," ती म्हणाली. "चांगलं झालं की."

"तुला खरंच तसं वाटतं ना?"

"हो. तिथे तुम्ही सगळे असाल. डोळ्यांचं, औषधांचं बघायला कुणीतरी हवंच."

"तू ना," तो मोकळा होत म्हणाला, "तू नेहमीच समजून घेतेस." फोन ठेवल्यावर ती त्या लठ्ठ बाईकडे बघत बसली. बाई पाणी प्यायची थांबली होती आणि रिकामा पेला दोन्ही हातांनी चपटा करत होती. अच्छा, म्हणजे असं. आज सकाळी हो म्हणायचं, आणि त्याच सकाळी 'परिचित' लिहायला सांगायचं. माणूस घर सोडताना आधी भिंतीवरचे खिळे काढतो, तसं. तिला राग यायला हवा होता, पण राग आला नाही. फक्त हात थंड पडले, आणि आपण किती सहज 'चांगलं झालं की' म्हणालो, ते वाक्य तोंडात किती तयार होतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं. लॅबमध्ये तयार दातांचे पत्ते असतात, मेणाच्या पट्टीवर ओळीनं बसवलेले. हवा तो घ्यायचा, लावायचा. तिच्या वाक्यांचंही तसंच काहीसं झालं होतं.

टॅक्सीत अप्पा गप्प होते. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवली होती, आणि त्या वाटीमुळे त्यांचा चेहरा एकाच वेळी पोरकट आणि फार म्हातारा दिसत होता. एकदा म्हणाले, "बाहेरचा रंग फार निळा दिसतोय," आणि बऱ्याच वेळानं, "म्हणजे इतकी वर्षं आपण पिवळं बघत होतो." तिनं "हो का?" म्हटलं. फोन आला होता एवढं सांगितलं, काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी बंद डोळ्याच्या बाजूला बसलेल्या तिचा अंदाज घ्यायला मान पुरती वळवून पाहिलं, आणि पुन्हा पुढे बघायला लागले.

घरी आल्यावर तिनं त्यांना उशांच्या आधारानं बसवलं, सूप गरम केलं, ब्रेडचे तुकडे त्यात मोडून दिले. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पडदा बघायचा नाही, डोकं धुवायचं नाही. तिनं सूचना मोठ्यानं वाचल्या. अप्पांनी एका ठिकाणी "'डोळयात' असं छापलंय ना त्यांनी?" असं विचारलं, आणि खरंच तसं छापलेलं होतं. जेवल्यावर ते म्हणाले, "बघायला बंदी आहे. बोलायला नाही. आजच निकाल लावून टाकू."

"आज? रविवारी बसू की."

"नको. आज सुट्टी आहेच तुझी. पडदे लाव."

तिनं पडदे लावले. खोलीत तो ओळखीचा तपकिरी अंधार झाला. टीव्हीची काळी काच समोर, बंद. तिला घाई कळत होती. सामान आवरायला घेतलेल्या माणसाची घाई. ती खुर्चीत बसली. सुरुवातीला सगळं पटापट झालं. मुख्य अभिनेता न्यायाधीश. त्यात वादच नव्हता. ऐकू येईनासं झालेलं लपवण्यासाठी तो साक्षीदारांच्या ओठांकडे बघत राहतो आणि लोकांना वाटतं, केवढा करारी माणूस आहे. दिग्दर्शन खाणीवाल्याचं. माणसं उतरवणारा पाळणा खाणीत जातो, कॅमेरा वरच राहतो, नुसती दोरी थरथरताना दिसते, एवढ्या एका गोष्टीसाठी. संवाद हॉटेलचे. छायाचित्रण दीपगृहाचं. सहायक अभिनेत्रीसाठी ती म्हणाली, टायपिस्टची घरमालकीण. "का?" अप्पांनी विचारलं. "त्या साली सगळ्यांचे दात सारखे आहेत, अप्पा. स्टुडिओनं बसवलेले, एका साच्यातले. एकट्या त्या म्हातारीचे स्वतःचे आहेत. त्यातून शब्द जरा सांडतात. म्हणून ती खोटं बोलते तेव्हा खरं वाटतं." अप्पा इतके हसले की तिनं त्यांना डोळ्याची आठवण करून दिली. "मंजूर," ते म्हणाले. "तिला अशा कारणासाठी कधी कुणी बक्षीस दिलं नसेल."

"आता मुख्य अभिनेत्री," अप्पा म्हणाले, आणि आवाज जरा खाली आणला. "ते ठरल्यातच जमा आहे. दीपगृहाची. तुझ्या सासूबाईंनी तो लग्नाआधी पाहिला होता, तेव्हापासून तिचं मत पक्कं होतं."

इथे तिनं "मग माझंही तेच" म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. दीपगृहवाली खरंच मोठी नटी होती. नवऱ्याला दुसरं कुणी आवडतं हे कळल्यावर ती एक अक्षर बोलत नाही. दिव्याची काच शेवटची पुसते, कोट घालते, आणि धक्क्यावरून लांब लांब चालत बोटीकडे जाते. कॅमेरा मागून. समुद्र करडा. पाठ ताठ. या ठिकाणी सगळं थिएटर रडायचं म्हणे. गेल्या महिन्यात हे बघताना अप्पा रडले होते आणि ती रडली नव्हती, आणि आपण का रडलो नाही हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

"टायपिस्ट," ती म्हणाली.

"काय?"

"माझं मत टायपिस्टला आहे."

"अगं, ती विनोदी भूमिका आहे."

"नाहीये. कामावरून काढलंय हे घरी सांगत नाही आणि रोज सकाळी डबा घेऊन स्टेशनच्या बाकावर जाऊन बसते, यात काय विनोद आहे? आणि शेवटी ती साहेबांकडे जाते ते आठवा. 'मला परत घ्या' म्हणते. किती वाईट म्हणते. आवाज फाटतो, नाक लाल होतं, हातमोजा खाली पडतो आणि तो उचलताना ती टेबलावर आपटते. तिची शोभा होते, अप्पा. तरी ती मागते."

"दीपगृहवाली काही मागत नाही, हेच तर तिचं मोठेपण."

"तेच मला पटत नाही." आपला आवाज नेहमीपेक्षा चढा लागतोय हे तिला ऐकू आलं. "ती इतकी छान जाते की कुणाला तिला थांब म्हणायची गरजच पडत नाही. सगळे बघत राहतात, वा वा, काय पाठ आहे. आणि तीसुद्धा एकदाही म्हणत नाही की मला जायचं नाहीये. असं कोण जातं?"

अप्पांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. मग अगदी हळू म्हणाले, "तू गेलीस."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार दोनदा लावून पाहिलं. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची चीर जमिनीवरून खुर्चीच्या पायापर्यंत आली होती. ती त्या उजेडाकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "आणि ते मी चांगलं केलं असं सगळे म्हणतात. पण तो सगळा अभिनय होता. मी बशी पुसत होते ना, तेव्हा मला ती फेकायची होती. मला ओरडायचं होतं. निदान का, एवढं तरी विचारायचं होतं. मी काहीच विचारलं नाही. माझ्याकडून कुणाला त्रास होऊ नये एवढंच मी बघत राहिले. आजसुद्धा त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, चांगलं झालं की."

"म्हणजे त्यानं सांगितलं तुला."

"तुम्ही सांगायला हवं होतं."

"संध्याकाळी सांगणार होतो. आधी निकाल लावू म्हटलं. निकाल राहिला असता तर तू आलीच असतीस, मला तिकडे भेटायलासुद्धा, गाडीचा प्रवास करून." अप्पांनी उशीवर डोकं टेकलं. "मी ते सिस्टरला मुद्दाम सांगितलं. तुझं नाव तिथे सून म्हणून गेलं असतं, म्हणजे पुढे मला काही झालं की फोन तुला. दवाखाना तुला. रात्री-अपरात्री तुला. तू नाही म्हणणारी नाहीस, हे मला माहीत आहे. तुझं वय काय, आणि तू दर रविवारी एका म्हाताऱ्याबरोबर मेलेली माणसं बघत बसतेस. मी तुझ्या गळ्यात पडलोय असं वाटायला लागलं मला. मुलानं विचारलं, मी हो म्हटलं. तू मोकळी होशील म्हणून."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"जा म्हटलं असतं," ती म्हणाली. हे खरं होतं, आणि ते तिला फार लाजिरवाणं वाटलं. अप्पांनी तसंच केलं होतं जसं ती नेहमी करत आली होती. समोरच्याच्या वतीनं समजून घेऊन स्वतःच निकाल लावून टाकला होता. दोन समजूतदार माणसं एकमेकांना दारापर्यंत पोचवत होती, आणि आत थांबायचं कुणी बोलतच नव्हतं. चांगल्या शब्दांत कसं सांगावं याचा ती क्षणभर विचार करू लागली, आणि मग तो विचार तिनं सोडून दिला.

"नका जाऊ," ती म्हणाली.

अप्पांनी उघडा डोळा तिच्याकडे वळवला.

"मी तुमची कुणी लागत नाही, ते बरोबर आहे. तो मुलगा आहे, त्याचा हक्क आहे, तिकडे तुमची सोय चांगली होईल, हे सगळं मला कळतं. तरी नका जाऊ. मला करमणार नाही. रविवारचं सोडा, मी रविवारसाठी येत नाही. चित्रपट संपले तरी मला यायचंय. काहीतरी बोलायला लागतं मला, कुणीतरी माझ्या बोलण्यातल्या चुका काढायला लागतं." तिचं नाक वाहायला लागलं होतं आणि रुमाल पर्समध्ये होता आणि पर्स बाहेरच्या खोलीत. तिनं मनगटानं पुसलं. हे सगळं सुंदर दिसत नसणार, हे तिला कळत होतं. आवाजही कसातरीच झाला होता. "आणि रात्री-अपरात्री मलाच फोन यावा असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाला आला तर मला राग येईल."

अप्पांचा जावळासारखा विरळ भोवरा उशीवर दबला होता. त्यांच्या हनुवटीत एक बारीक थरथर आली आणि त्यांनी ती ओठ मिटून थांबवली. मग हात पुढे करून त्यांनी पलंगावर चाचपलं. "फोन कुठाय?"

तिनं आणून दिला. क्रमांक तिनंच लावून दिला, कारण त्यांना आकडे दिसत नव्हते. ती उठून बाहेर जायला लागली तेव्हा त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली.

"हां, मीच. डोळा उत्तम आहे. सगळं निळं दिसतंय... ऐक. मी तिकडे यायचं म्हटलं होतं ना, ते राहू दे... भेटायला येईन. राहायला नाही... नाही रे, कुणी काही बोललं नाही तुझ्याबद्दल. तुझं काही चुकलेलं नाही." पलीकडचा आवाज बराच वेळ चालू होता. अप्पा शांतपणे ऐकत होते, मध्येच "हं" म्हणत होते. "औषधांचं होईल... हो, तिनं सांगितलं म्हणून." आणि मग पुन्हा, प्रत्येक शब्द सुटा करून, "हो. तिनं नका जाऊ म्हणून सांगितलं, म्हणून मी येत नाहीये. दुसरं काही कारण नाही." आणखी थोडं बोलून, तब्येतीला जप म्हणून सांगून त्यांनी फोन तिच्या हातात दिला. हात थकल्यासारखा पांघरुणावर पडला. "दुखावला," ते म्हणाले. "पण समजेल त्याला. त्याच्या आईवर गेलाय, त्याला उशिरा समजतं, पण समजतं."

तिला धन्यवाद म्हणावंसं वाटलं, पण ते परक्यासारखं झालं असतं. ती आत जाऊन चेहरा धुऊन आली, रुमाल घेऊन आली, चहाचं आधण ठेवून आली. गॅसजवळ उभी असताना तिला दिसलं की आपले हात उबदार आहेत. कप घेऊन ती परत आली तेव्हा अप्पा उशांवर जरा वर सरकून बसले होते.

"हं," ते म्हणाले. "मुख्य अभिनेत्री राहिलीय."

"टायपिस्ट."

"तू मला रडवलंस म्हणून मी मत बदलेन असं समजू नकोस. तो वेगळा विषय आहे. माझं मत दीपगृहाला."

"रडायला तुम्हाला डॉक्टरांनीच बंदी केलीय. आणि ते मत तुमचं नाहीये. सासूबाईंचं आहे."

"मग? तिला मत नाही?"

"आहे. पण मग ते माझं धरू नका. मी त्यांच्या वतीनं नाही देत आता. माझं मी देते."

अप्पांनी कप तोंडाशी नेता नेता खाली आणला. ते तिच्याकडे, तिच्या बाजूच्या अंधाराकडे, एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिले. "असं आहे होय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुनी, भांडायला बसणाऱ्या माणसाची खुमखुमी आली. "मग मला पटवून दे. तो धक्क्यावरचा शॉट घे. नुसत्या पाठीनं एवढं बोलणारी दुसरी कोण आहे त्या साली? सांग."

"पाठ बोलत नाही, अप्पा. समुद्र बोलतो. तो करडा समुद्र काढून घ्या आणि मग सांगा मला काय उरतं ते."

"कोट कसा घालते बघ. एक बाही आधी, मग थांबते..."

"तो दिग्दर्शकानं थांबवलाय कोट. तिनं नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसतं."

अशी दुपार उतरली. जमिनीवरची उन्हाची चीर पलंगावर चढली, भिंतीवर गेली आणि दिसेनाशी झाली. न्यायाधीशाच्या वेळी झालं होतं, खाणीच्या वेळी झालं होतं, तसं एकमत काही होईना. अप्पांनी एकदा हॉटेलवालीचं तिसरंच नाव पुढे करून तडजोड सुचवली, ती तिनं ऐकूनही घेतली नाही. अंधारून आलं तेव्हा ती उठली, कोपऱ्यातला दिवा लावला, अप्पांच्या डोळ्यावर उजेड येऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि "आता माझं नीट ऐका" म्हणून स्टेशनच्या बाकापासून पुन्हा सुरुवात केली.